जांभळाची फळगळ, तोडणी आणि बियाणे: मार्च ते जुलैचा सल्ला

जांभळाच्या फळाला फलधारणेपासून पिकायला साधारण 60 दिवस लागतात, पण हे दिवस सारखे नसतात. पहिले सुमारे 50 दिवस फळ हळूहळू वाढते आणि आत बी भरत राहते. गर भरतो तो शेवटच्या आठ-दहा दिवसांत, तेही झपाट्याने. एप्रिलमध्ये फळ बारीक दिसले म्हणून खताचा जादा डोस टाकायला धावू नये. त्या वेळी झाडाला खत नको, जमिनीत एकसारखा ओलावा हवा.

फळगळ पाहून घाबरू नका. मोहोरातली निम्म्याहून अधिक फुले पहिल्या चार आठवड्यांतच गळतात. पुढे पूर्ण मोहोरानंतर साधारण 35 ते 40 आणि 42 ते 50 दिवसांच्या सुमारास बारीक फळांची आणखी दोनदा गळ होते. पहिली गळ बव्हंशी परागीभवन न झालेल्या फुलांची असते, ती कोणत्याही औषधाने थांबत नाही. जांभळाचे परागीभवन मधमाश्या आणि माश्या करतात. म्हणून मोहोर फुललेला असताना कीटकनाशक फवारणे म्हणजे आपल्या हाताने पीक कमी करणे. नंतरच्या दोन गळींमागे मात्र बहुतेकदा पाण्याचा ताण असतो, आणि तो आपल्या हातातला आहे.

फळ वाटाण्याएवढे झाले की फांद्यांच्या घेराखाली आळे करून 12 ते 15 दिवसांच्या अंतराने पाणी द्या. हलक्या, मुरमाड जमिनीत अंतर कमी ठेवा. आळ्यात पालापाचोळ्याचे 8 ते 10 सें.मी. आच्छादन करा, मात्र बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी सोडा. महिनाभर झाड कोरडे ठेवून मे महिन्यात एकदम आळे तुडुंब भरले, तर गर फुगतो, साल तेवढी ताणत नाही आणि फळ तडकते. वळवाचा जोरदार पाऊस हेच करतो. त्या वेळी जमीन आधीपासून ओलसर असेल तर नुकसान कमी होते.

जिबरेलिक आम्लाची (हे वनस्पतींच्या वाढीचे संजीवक) फवारणी करायची असेल तर प्रमाण 60 पीपीएम, म्हणजे लिटरला 60 मिलिग्रॅम. पहिली फवारणी पूर्ण मोहोरावर, दुसरी फलधारणेनंतर 15 दिवसांनी. भुकटी थेट पाण्यात नीट विरघळत नाही, आधी थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवून घ्यावी. 90 टक्के शुद्धतेची भुकटी 100 लिटरला 6.7 ग्रॅम लागते. दुकानात मिळणारे 0.001 टक्क्याचे द्रावण घेऊ नका. ते पाणी न मिसळताही 10 पीपीएमच असते, त्यातून 60 कधीच होणार नाही. आणि खरे सांगायचे तर चाळीस फुटी जुन्या झाडावर हा खर्च वाया जातो. कमी उंचीच्या कलमांपुरताच विचार करावा, तोही जवळच्या कृषी विज्ञान केंद्राला विचारून.

आंबा संपत आला की फळमाशी जांभळाकडे वळते. फळांचा रंग बदलण्याआधीच मिथाइल युजेनॉलचे (नर माशीला ओढणाऱ्या गंधाचे) सापळे हेक्टरी 10 या प्रमाणात टांगा. सापळ्यात फक्त नर येतात. अंडी घालायला तयार झालेली मादी त्याला भुलत नाही, म्हणून उशिरा लावलेल्या सापळ्याचा उपयोग नाही. खाली पडलेली फळे रोज वेचून दोन फूट खोल पुरा. हे काम टाळले तर सापळे लावूनही अळ्या होणारच.

जांभूळ तोडल्यावर पिकत नाही. गुलाबी फळ घरात ठेवून काळे होईल, ही आशा सोडा. एकाच घोसात हिरवे, तांबूस आणि काळे फळ असते, त्यामुळे तोडणी रोज, सकाळी लवकर. फांदी ठिसूळ असते, वर चढलेला माणूस फांदीसकट खाली येतो. मोठ्या झाडाभोवती बांबूची परांची बांधा. हलवून पाडलेले फळ बाजारात चालत नाही. उथळ क्रेटमध्ये पाने अंथरून दोन-तीन थर भरावेत, धुवू नयेत. साध्या तापमानाला माल जेमतेम दोन दिवस टिकतो.

आता बी. गहू-ज्वारीसारखे वाळवून, डब्यात भरून ठेवण्याचे हे बियाणे नव्हे. वाळले की मरते. ब्राझीलच्या सेराडो माळरानावर याच कुळातले कागाइता नावाचे झाड पावसाच्या तोंडावर फळते, त्याच्याही बियांना वाळणे सोसत नाही. पाऊस समोर असताना पडणाऱ्या बीला झोपून राहायची गरज नसते.

पूर्ण पिकलेल्या फळांतले बी त्याच दिवशी राखेत चोळून धुवा. पाण्यावर तरंगणारे आणि भोक पडलेले फेकून द्या. सावलीत फक्त वरचे पाणी निथळू द्या, ऊन अजिबात नको. 10 ते 15 दिवसांच्या आत पेरा. तेवढे थांबावेच लागले तर ओलसर वाळूत किंवा कोकोपीटमध्ये सावलीत ठेवा. गर काढताना फळे तापवली असतील तर ते बी रोपांसाठी निरुपयोगी, ते चूर्णालाच द्यावे.

15 × 25 सें.मी.च्या पिशवीत माती, वाळू आणि शेणखत समप्रमाणात भरून बी 4 ते 5 सें.मी. खोल पेरा. साधारण दोन आठवड्यांत उगवण होते. एका बीतून दोन-तीन कोंब आले तर चूक समजू नका, जांभळाच्या बीत अनेक भ्रूण असतात. त्यातले काही मातृवृक्षासारखेच असले तरी कोणते, हे डोळ्यांना कळत नाही. जोमदार एक ठेवा, बाकीचे कात्रीने जमिनीलगत कापा. उपटले तर उरलेल्याची मुळे दुखावतात.

ही रोपे खुंटासाठी, म्हणजे ज्यावर कलम बांधायचे त्यासाठी. बियांच्या झाडाला फळ धरायला 8 ते 10 वर्षे लागतात आणि फळ कसे निघेल याची खात्री नसते. बागेसाठी ‘कोकण बहाडोली’सारख्या जातीची कलमे 10 × 10 मीटरवर लावावीत. खुंट पेन्सिलीएवढा जाड व्हायला वर्ष लागते, तेव्हा यंदा पेरलेल्यावर कलम पुढच्या पावसाळ्यात बांधता येईल.