मुंजा साक्षीला उभा राहतो तेव्हा: बेळगावात भुताटकीची गुप्तहेरकथा रचताना

१९२९ साली इंग्रज लेखक रोनाल्ड नॉक्स यांनी गुप्तहेरकथेसाठी दहा नियम घातले. त्यातल्या दुसऱ्याच नियमात अलौकिक शक्तींना बंदी आहे. कारण साधं: भूत हवं ते करू शकत असेल, तर वाचकाला तर्क करायला जागाच उरत नाही. शहरी अद्भुतकथेत ही बंदी मोडायचीच असते, पण बदल्यात भुताला पक्क्या मर्यादा घालाव्या लागतात. नवे लेखक नेमकं इथं घसरतात. आधी वातावरण, धुकं, कुत्र्यांचं भुंकणं. मर्यादा शेवटच्या पानावर, गरज पडली की.

म्हणून पहिलं वाक्य लिहिण्याआधी भुताचे नियम ठरवा. तीन पुरेत, पाच झाले की वाचक विसरतो. कथा पाच हजार शब्दांची असेल तर तिन्ही नियम पहिल्या हजारात, बोलण्याच्या ओघात येऊन गेले पाहिजेत.

एक उदाहरण पुरतं रचून बघू. शहापुरातला जुना वाडा, परसात दहा मीटर उंच पिंपळ, पिंपळावर मुंजा. नियम असे: पिंपळाची सावली पडते तेवढंच त्याला दिसतं, तो खोटं बोलत नाही, आणि आपल्या काळानंतरच्या वस्तूंची नावं त्याला ठाऊक नाहीत. परसाच्या ईशान्य कोपऱ्यात आड आहे. डिसेंबरातल्या एका सकाळी वाड्याचे म्हातारे मालक आडात मेलेले सापडतात. पुतण्याचं म्हणणं, काका आदल्या सकाळीच पडले असणार, मी तेव्हा निपाणीला होतो. मुंजा सांगतो, ‘दोघं होते. एकाच्या हातात पेटलेला आरसा होता, तो कानाला लावून बोलुलालता.’

आता गणित. बेळगाव साधारण १५.८५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरात सकाळी नऊला पिंपळाची सावली वायव्येला पडते, मध्यान्हीला उत्तरेकडे आठेक मीटर, आणि दुपारी चारला ईशान्येला वीस मीटरच्या पुढे. म्हणजे मुंजानं आडाजवळचं पाहिलं असेल तर ते सकाळचं असूच शकत नाही. पुतण्याची निपाणी तिथंच निकामी होते. सूर्य इथं माथ्यावर येतो तो बाराला नव्हे, साडेबाराच्या आसपास. हा अर्धा तास चुकला तर एखादा शिक्षक वाचक पत्र लिहिणारच.

हीच कथा जुलैत घातली तर कोसळते. पावसाळ्यात दिवसचे दिवस ऊन नसतं, सावली नाही, साक्षीदार आंधळा. मे महिन्याच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत मध्यान्हीची सावली दक्षिणेकडे वळते, तेही ध्यानात ठेवा. पौर्णिमेच्या चांदण्यातली सावली चालते का? रस्त्यावरच्या दिव्याची? वाचक हे विचारणारच, तेव्हा उत्तर आधीच देऊन ठेवा. आमच्या मते फक्त सूर्याची धरावी. दिव्याची धरली तर महापालिकेनं खांब बसवला की मुंजाची नजर वाढते; विनोदी कथेला ते झकास, खुनाच्या कथेला नाही.

मुंजाची साक्ष कोर्टात चालत नाही, म्हणून ती फक्त दिशा दाखवते. पुरावा माणसांच्या जगातून यायला हवा. पुतण्या म्हणतो, दुपारी वडगावात यंत्रमागावर कामाला होतो. पण त्या दुपारी तिथं दोन ते पाच लाइट नव्हती, आणि पॉवरलूम विजेशिवाय चालत नाही. लाइट गेल्याचा उल्लेख शेजारीण पहिल्याच प्रसंगात सहज करून जाते, ‘दळण राह्यलं बघ गा’ म्हणून. एवढा धागा पेरला की पुरे. शवविच्छेदनातून मृत्यूची वेळ मिनिटात मिळत नाही, ढोबळ अवधी मिळतो. तो अवधी सकाळ आणि दुपार दोन्ही कवेत घेईल एवढा रुंद ठेवा, नाहीतर मुंजाची गरजच संपते.

पोलिसी तपशील इथं महाराष्ट्रातले उचलून चालत नाहीत. फिर्याद, पंचनामा कन्नडमध्ये असतो. तुमचा नायक मराठी असेल तर तो कोण वाचून दाखवतं, हे ठरवा. तो वाचणारा एक ओळ गाळतो, यावर अख्खं प्रकरण उभं राहू शकतं. १ जुलै २०२४ नंतरची कथा असेल तर संशयास्पद मृत्यूची चौकशी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होते, फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं १७४ लिहू नका. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणाऱ्या मांत्रिकाला कर्नाटकाचा २०१७ चा जादूटोणाविरोधी कायदा लागतो, महाराष्ट्राचा २०१३ चा नव्हे. जुन्या वाड्याचे कागद काढताना १ नोव्हेंबर १९५६ ची तारीख आठवा: त्याआधी हा जिल्हा मुंबई राज्यात होता, आणि घरोघरी मोडीतली बाडंही सापडतात.

भूत निवडताना जागा बघा. खानापूरच्या रानवाटेवर चकवा शोभतो, टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटवर नाही. तिथं माणसं चकव्याशिवायच अडकतात. लोखंडाला भुतं भितात हे धरलं तर उद्यमबागेतल्या फाउंड्रीत हडळ टिकणार कशी, याचं उत्तर हवं. किल्ल्यातली कमलबस्ती (जैन मंदिर) किंवा सफा मशीद वापरायची तर फक्त पार्श्वभूमीला. पूजेच्या जागी खून घालून सनसनाटी मिळते, कथा मिळत नाही. कॅम्पातल्या बंगल्यातला मुंडकं नसलेला गोरा साहेब मात्र आता सोडाच.

बोली संवादात ठेवा, निवेदनात नको. ‘काय करुलालास गा?’ एवढ्यानं माणूस बेळगावचा होतो. प्रत्येक वाक्यात ‘गा’ घातला तर तो नाटकातला होतो. मुंजा मात्र पोरगाच आहे, सात-आठ वर्षांचा. तपास करणाऱ्याला तो मामा म्हणेल, साहेब नाही.

खर्डा झाला की उलगड्याचा प्रसंग काढून घ्या आणि उरलेली कथा दोघांना वाचायला द्या. दोघांनीही पुतण्याचं नाव घेतलं तर शेजारणीचं वाक्य जरा मागं ढकला. कुणालाच काही सांगता आलं नाही, तर सावलीचा नियम आणखी एकदा, मुंजाच्याच तोंडून, आडाच्या आधी आणा.