बेळगाव सीमाभागातील संग्रहालये, प्रदर्शने आणि सहली : वर्षाचे नियोजन कसे करावे

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्याचा इतिहास एका छपराखाली पाहता येत नाही. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळातील बेळगावचे दोन शिलालेख लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, कित्तूर संस्थानच्या आठवणी कित्तूरच्या किल्ल्यात आहेत, आणि पंचगंगेच्या काठावरून रोमशी चाललेल्या व्यापाराचे पुरावे कोल्हापुरात आहेत. त्यामुळे वर्षभरात कोठे काय पाहायचे याचे वेळापत्रक आपल्यालाच बसवावे लागते, मग ती सहल शाळेची असो, महिला मंडळाची असो वा एका कुटुंबाची. ते बसवताना एक सूत्र पाळावे, असे माझे ठाम मत आहे : संग्रहालयातील वस्तू आणि ती ज्या मातीतून आली ती जागा, ही दोन्ही शक्यतो एकाच दिवसात पाहावीत. काचेमागची तलवार ज्या तटावर लढली तो तट त्याच दिवशी पायांखालून गेला, तर मुलांना दोन्ही गोष्टी लक्षात राहतात.

प्रथम दिनदर्शिका घेऊन ठरलेल्या तारखा नोंदवाव्यात. १८ एप्रिल हा जागतिक वारसा दिन आणि १८ मे हा आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन असतो, तर १९ ते २५ नोव्हेंबर हा वारसा सप्ताह भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण दरवर्षी पाळते, आणि या दिवसांच्या आगेमागे संग्रहालयांत छोटी प्रदर्शने, व्याख्याने, शाळकरी मुलांच्या स्पर्धा होण्याचा संभव अधिक असतो. २३ ते २५ ऑक्टोबरला कित्तूर उत्सव भरतो. २६ जानेवारी हा प्रजासत्ताक दिन आहेच, शिवाय १८३१ साली याच दिवशी इंग्रजांशी लढलेला कित्तूरचा सेनानी संगोळ्ळी रायण्णा याला नंदगड येथे फाशी दिली गेली, हे आपल्या भागातील मुलांना सांगून ठेवले पाहिजे. डिसेंबरच्या अखेरीस १९२४ च्या बेळगाव काँग्रेस अधिवेशनाची आठवण येते. महात्मा गांधी अध्यक्ष असलेले हे एकमेव अधिवेशन होते.

फिरत्या प्रदर्शनांच्या तारखा मात्र अशा ठरलेल्या नसतात, त्या मिळवाव्या लागतात. स्थानिक मराठी वृत्तपत्रांतील ‘आजचे कार्यक्रम’ हे सदर, वाचनालयांचे सूचनाफलक आणि संग्रहालयाच्या कार्यालयातील दूरध्वनी, ही तीन साधने पुरेशी आहेत. फोनवर ‘प्रदर्शन आहे का?’ एवढेच विचारून थांबू नये. मूळ वस्तू मांडल्या आहेत की छायाचित्रे आणि प्रतिकृती, शेवटचा दिवस कोणता, रविवारी दालन उघडे असते का, आणि गटाला माहिती सांगणारी व्यक्ती मिळेल का, हे चार प्रश्न विचारावेत. छायाचित्रांचे प्रदर्शनही पाहण्यासारखे असू शकते, परंतु तीस-चाळीस मुलांना गाडी करून दूर नेण्यापूर्वी हा फरक ठाऊक असणे आवश्यक आहे.

सुट्टीच्या दिवसाची चौकशी तर न चुकता करावी. राज्य शासनाची संग्रहालये सर्वसाधारणपणे सोमवारी बंद असतात, तर पुरातत्त्व सर्वेक्षणाची संग्रहालये शुक्रवारी बंद असतात. विजयपूरला शुक्रवारी गेल्यास गोलघुमट पाहता येतो, पण त्याच आवारातील, १८९२ साली सुरू झालेले संग्रहालय पाहायचे राहून जाते. तिकीट लागणाऱ्या केंद्र-संरक्षित स्मारकांत पंधरा वर्षांखालील मुलांना शुल्क पडत नाही. त्यासाठी शाळेचे ओळखपत्र जवळ असू द्यावे.

पहिली सहल कित्तूरची करावी. बेळगावहून धारवाडच्या दिशेने महामार्गाने सुमारे पन्नास किलोमीटर अंतर असल्यामुळे सकाळी लवकर निघून संध्याकाळी परतता येते. प्रथम किल्ल्यातील वाड्याचे अवशेष पाहावेत : राणी चन्नम्मांच्या वाड्याच्या भग्न भिंती, स्नानगृहाचे बांधकाम, ध्रुवतारा पाहण्यासाठी केलेली सोय. २३ ऑक्टोबर १८२४ रोजी याच ठिकाणी धारवाडचा इंग्रज अधिकारी थॅकरे मारला गेला, हा प्रसंग मुलांना तटाजवळ उभे करूनच सांगावा आणि त्यानंतर संग्रहालयात शिरावे. परतीच्या वाटेवर वेळ असल्यास बैलहोंगलला वळून राणींच्या समाधीचे दर्शन घ्यावे. कैदेत असताना १८२९ साली त्यांचे तेथेच निधन झाले. उत्सवाच्या तीन दिवसांत कित्तूरला जरूर जावे, परंतु त्या गर्दीत संग्रहालय पाहण्याचा आग्रह धरू नये. संग्रहालयासाठी दिवाळीनंतरचा एखादा साधा दिवस वेगळा राखावा.

संग्रहालयात बहुतेक जण शस्त्रांपाशी रेंगाळतात आणि वीरगळांवरून, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणशिळांवरून, नुसती नजर फिरवून पुढे जातात. वीरगळ वाचता येणे ही सीमाभागात राहणाऱ्या प्रत्येकाने शिकून घ्यावी अशी गोष्ट आहे, कारण आपल्या गावच्या देवळामागे, तळ्याच्या काठावर असे दगड अजूनही उभे आहेत. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. सर्वांत खालच्या चौकटीत लढाई असते, आणि तेथे गायी कोरलेल्या असतील तर तो वीर गोधन राखताना पडला असे समजावे. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला स्वर्गाकडे नेत असतात. सर्वांत वर तो शिवलिंगाची पूजा करताना दिसतो, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य असतात, म्हणजे ते असेपर्यंत त्याची कीर्ती राहो. ज्या दगडावर कोपरात वाकवलेला, बांगड्या भरलेला हात कोरलेला असेल ती सतीशिळा होय. एवढे सांगून मुलांना एका दगडासमोर दहा मिनिटे बसवावे आणि वहीत चित्र काढू द्यावे. चित्र कसे येते याला महत्त्व नाही, पण पेन्सिल हातात असली की घोड्याचा लगाम, ढालीचा आकार, केसांचा अंबाडा हे सारे दिसू लागते.

दुसरी सहल खानापूर तालुक्याची. पावसाळ्यात या भागात पाऊस फार, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. नंदगडला रायण्णाची समाधी पाहून पुढे हलशीला जावे. हलशी म्हणजे कदंबांची जुनी पलाशिका. पाचव्या शतकातील कदंब राजांचे ताम्रपट येथे सापडले आणि पुढे गोव्याच्या कदंबांनीही हे ठिकाण वैभवाला आणले. भूवराह-नरसिंहाच्या देवळात समोरासमोर दोन गर्भगृहे आहेत. ती दोन्ही पाहिल्याशिवाय मंडपातून बाहेर पडू नये. हलशी हे मोकळ्यावरचे संग्रहालयच आहे, पण तेथे माहितीफलकांवर विसंबून राहता येत नाही, त्यामुळे गटातील एकाने आधी वाचन करून तयारीने जावे. येता-जाता खानापुरात मातीकाम पाहावे. येथील माती भांडी आणि कौले यांसाठी प्रसिद्ध असून खादी व ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम शिकवणारी केंद्रीय संस्थाही याच गावात आहे. तेथे भेट द्यायची असल्यास आधी पत्र पाठवून परवानगी घ्यावी.

बेळगाव शहरासाठी एक रविवार पुरतो. किल्ल्यात १२०४ च्या सुमारास उभारलेली कमल बस्ती, म्हणजे तेथील जैन मंदिर, पाहावी. मंडपाच्या छतातून खाली उमललेले दगडी कमळ मान वर करून नीट न्याहाळावे, कारण त्याच्या बहात्तर पाकळ्या भूत, वर्तमान आणि भविष्य या तिन्ही काळांतील चोवीस-चोवीस तीर्थंकरांसाठी आहेत. स्वामी विवेकानंद ऑक्टोबर १८९२ मध्ये बेळगावला आले, तेव्हा प्रथम भाटे वकिलांच्या घरी राहिले होते. रिसालदार गल्लीतील ते घर आणि किल्ल्यातील रामकृष्ण आश्रम ही दोन्ही ठिकाणे जोडून घ्यावीत. किल्ल्याचा काही भाग लष्कराकडे असल्याने ओळखपत्र बाळगावे आणि छायाचित्र काढण्यापूर्वी विचारावे. दुपारनंतर टिळकवाडीतील वीरसौध हे १९२४ च्या अधिवेशनाचे स्मारक आणि त्या अधिवेशनासाठी खोदलेली काँग्रेस विहीर पाहून दिवस पूर्ण करावा.

कोल्हापूरचे टाऊन हॉल संग्रहालय सीमेपलीकडे असले तरी ते या यादीत हवेच. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर मिळालेली समुद्रदेव पोसायडनची लहानशी कांस्यमूर्ती तेथे आहे. ती पाहून थेट पंचगंगेच्या घाटावर जावे, टेकडी तेथून जवळच आहे.

गट मोठा असेल तर किमान दोन आठवडे आधी संग्रहालयाच्या अभिरक्षकांना अर्ज द्यावा. त्यात तारीख, वेळ, मुलांची इयत्ता व संख्या, सोबतच्या शिक्षकांचे नाव आणि मोबाईल क्रमांक लिहावा, आणि अर्जाच्या प्रतीवर पोहोच घ्यावी. दालनात एका वेळी पंधरा-वीस जणांनीच जावे आणि उरलेल्यांनी तोवर बाहेरचा परिसर पाहावा. फलक बहुधा कन्नड व इंग्रजीत असतात, म्हणून प्रत्येक तुकडीत कन्नड सहज वाचणारी एक व्यक्ती ठेवावी. आपल्या भागात अशी माणसे घरोघरी आहेत. तिने फलक मोठ्याने वाचून मराठीत सांगितला, की काम होते. कॅमेऱ्याचा फ्लॅश बंद ठेवावा आणि शिल्पांना हात लावू नये, कारण हाताचा घाम दगडालाही सोसत नाही.

निघण्यापूर्वी अभिप्राय वही मागून घ्यावी. ‘छान’ एवढ्यावर न थांबता कोणती वस्तू कोणत्या दालनात आवडली, कोणत्या फलकावरची अक्षरे पुसट झाली आहेत, हे लिहावे, आणि मराठी भाषिक मोठ्या संख्येने येत असल्याने मराठीत एक पानी माहितीपत्रक मिळावे, ही विनंती नाव, गाव व तारखेसह नम्रपणे नोंदवावी. माहितीपत्रकाचा मजकूर तयार करून देण्याची गटाची तयारी असेल, तर तेही त्याच ठिकाणी लिहावे.