खोलीत माणूस असेल तरच हीटर चालू: पीआयआर सेन्सरचं सर्किट

रिकाम्या खोलीत हीटर तापत राहिला की जीव हळहळतो, म्हणून हे सर्किट एकदा बनवाच. एचसी-एसआर५०१ हा पीआयआर सेन्सर (माणसाच्या अंगातल्या उष्णतेवरून हालचाल ओळखणारा) घ्या, त्याला ५ व्होल्ट द्या, हालचाल दिसली की आउटपुट पिनवर ३.३ व्होल्ट येतात. पण चालू केल्यावर पहिलं मिनिटभर तो उगाच ट्रिगर होतो, तेव्हा घाबरू नका, त्याला स्थिर होऊ द्या.

आता खरी मेख वेळेची आहे. सेन्सरवरच्या दोन नारिंगी स्क्रूंपैकी वेळेचा फिरवून डिले (हालचाल दिसल्यावर आउटपुट चालू राहण्याचा वेळ) जेमतेम ५ मिनिटांपर्यंत जातो आणि माणूस पुस्तक वाचत शांत बसला तर पीआयआरला तो दिसतच नाही, मग हीटर बंद, म्हणून सेन्सर आणि हीटरच्या मधे आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारं छोटं बोर्ड) टाका आणि शेवटच्या हालचालीपासून २० मिनिटं मोजायला लावा. सेन्सर हीटरच्या समोर किंवा खिडकीच्या उन्हात नको, गरम हवेनेही तो फसतो.

आर्डुइनोच्या सिग्नलवर हीटर चालू-बंद करणारा स्विच, म्हणजे रिले, नीट बघून घ्या. २००० वॅटचा हीटर २३० व्होल्टवर जवळपास ८.७ अँपिअर खेचतो, छोट्या निळ्या रिलेवर १० अँपिअर लिहिलेलं असलं तरी तासन्‌तास एवढा लोड माझ्या मते नकोच, त्या रिलेने २५ अँपिअरचा कॉन्टॅक्टर (जड लोडसाठीचा मोठा रिले) चालवा. हीटरचा स्वतःचा थर्मोस्टॅट आणि थर्मल कटऑफ (जास्त तापल्यावर वीज तोडणारा भाग) अजिबात बायपास करू नका, आपलं सर्किट त्यांच्या सिरीजमध्येच, म्हणजे एकामागे एक, बसवायचं. मेनची जोडणी जाणकार इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. आणि हीटरजवळ पडदा, कपडे काही नको, कारण आता तो तुम्ही बटण न दाबताही चालू होणार आहे.