घोड्याची नवी ब्रीड कशी तयार करतात

दोन वेगळ्या ब्रीडचे घोडा-घोडी एकत्र आणले, शिंगरू झालं, म्हणजे नवी ब्रीड झाली असं नसतं हो, तो नुसता क्रॉस झाला; तेच गुण पिढ्यानपिढ्या उतरत राहिले की मग ब्रीड, म्हणजे जात.

आधी घोडा कशाला पाहिजे ते ठरवा, ओझं ओढायला, शर्यतीला का लांब पल्ल्याला. मग जोडी. इंग्लंडमधे तिथल्या घोड्यांवर बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन हे बाहेरून आणलेले नर लावले आणि थरोब्रेड, म्हणजे शर्यतीचा घोडा, उभा राहिला, आजच्या प्रत्येक थरोब्रेडची बापाकडची वंशावळ या तिघांपैकी एकाकडे जाते.

पहिली पिढी बहुतेक एकसारखी निघते आणि इथेच लोक फसतात, कारण त्यांचीच आपसात जोडी लावली की पुढचं एक शिंगरू आज्यासारखं जाडजूड तर दुसरं काटकुळं, म्हणून खरं काम इथून सुरू, पाय, खूर, पाठ, चाल, स्वभाव बघून निवडकच पुढे घ्यायचे, बाकीचे ब्रीडिंगमधून बाहेर, कितीही लाडके असले तरी.

घाई चालत नाही. घोडी साधारण 11 महिने गाभण, शिंगरू सहसा एकच, ते कामाला कसं आहे कळेपर्यंत 3-4 वर्षं, आता पाच पिढ्यांचा हिशोब तुम्हीच करा.

गुण पक्के करायला नात्यातली जोडी लावतात, पण जपून. अरबी घोड्यांत एससीआयडी नावाचा आनुवंशिक आजार आहे, त्यात शिंगराला रोगप्रतिकारशक्तीच नसते, आईबाप ठणठणीत दिसतात पण दोघंही कॅरियर, म्हणजे दोष लपून वाहणारे, असले तर दर शिंगराला 25 टक्के धोका, आणि तसं शिंगरू काही महिन्यांतच जातं. डीएनए टेस्ट आधी कराच.

आणि नोंदवही पहिल्या शिंगरापासून ठेवा, थरोब्रेडचं स्टडबुक, म्हणजे वंशावळीची नोंदवही, 1791 पासूनचं आहे.