सधन वस्तीतली गरिबी कशी मोजायची

समजा, एका भागातल्या १०० घरांपैकी ७० घरांचं उत्पन्न प्रत्येकी १०० आहे आणि ३० घरांचं १२. सरासरी येते ७३.६. सरासरी फसवते, मध्यक (चढत्या क्रमातला मधला आकडा) बघा, असं सांगतात; पण इथे मध्यक १०० येतो आणि ती ३० घरं साफ नाहीशी होतात. म्हणून घरं उत्पन्नाच्या चढत्या क्रमाने लावून तळातल्या २० टक्क्यांचे आकडे वेगळे काढा.

मुळात ती घरं यादीत यायला हवीत, आणि बहुतेक पाहण्या इथेच फसतात. पत्त्यांच्या यादीवरून निघालात तर गच्चीवरची खोली, जिन्याखालची जागा, पहारेकऱ्याची केबिन, बांधकामावरच्या पत्र्याच्या खोल्या सुटतात. गल्लीन् गल्ली पायी फिरा, इमारतींच्या मागच्या बाजूनेही. एका खोलीच्या दाराबाहेर दहा-बारा जोड चपला दिसल्या तर इथे चुली किती, ते विचारा. एका चुलीवर जेवणारं ते एक कुटुंब. मालकाच्या घरीच राहून काम करणाऱ्या बाईला मात्र हा नियम लावू नका. तिची कमाई मालकाच्या उत्पन्नात बुडून जाते. तिची नोंद स्वतंत्र करा, आणि मालकासमोर तिला काहीही विचारू नका.

दुपारी फेरी काढू नका, कामावर गेलेल्यांची दारं बंदच असतात. संध्याकाळी किंवा सुट्टीच्या सकाळी जा. बंद दाराशी वेगवेगळ्या वेळी किमान तीनदा जा. त्याऐवजी शेजारचं उघडं घर घेतलं की नमुना बिघडला, कारण सतत बंद असणारी घरं बऱ्याचदा दोन-दोन कामं करणाऱ्यांची असतात.

‘महिन्याला किती मिळतात?’ या प्रश्नाला रोजंदारीवरचा माणूस चांगल्या महिन्याचा आकडा सांगतो. गेल्या ३० दिवसांत काम किती दिवस मिळालं, रोज किती, खाडे किती, असं विचारा. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचं घर मोलाचं असतं, पण हातात पैसा नसतो; त्यामुळे मालमत्तेचा रकाना वेगळा ठेवा.

आता भाडं, वीज आणि पाण्याचा खर्च वजा करा. ही पायरी गाळू नका: सधन भागात भाडं चढं असतं आणि कागदोपत्री ठीक दिसणारी घरं भाडं देताच खाली जातात. उरलेल्या रकमेला माणसांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागा. घरात चौघं असतील तर २ ने, नऊ जण असतील तर ३ ने. मग शहराचा याच पद्धतीने काढलेला मध्यक घ्या. युरोपीय संघ मध्यकाच्या ६० टक्क्यांवर गरिबीची रेषा धरतो, तीच इथेही चालते. मध्यक त्या भागाचाच घेतलात तर शहरात बऱ्या स्थितीत असलेलं घरही गरीब ठरेल.

समाजसंशोधक चार्ल्स बूथने १८८९ मध्ये लंडनचा गरिबीचा नकाशा रस्त्यागणिक रंगवला, तेव्हा श्रीमंत रस्त्यांच्या पाठीमागच्या गल्ल्या उघड्या पडल्या. तुमचा नकाशाही गल्लीच्या पातळीवर ठेवा. अख्ख्या वॉर्डाला एक रंग दिला की सगळं पुसलं जातं. पण एकेका घरावर ठिपका कधीही देऊ नका. गल्लीत १० पेक्षा कमी घरं असतील तर ती शेजारच्या गल्लीत मिळवा, नाहीतर गच्चीवरच्या खोलीत राहणाऱ्यांना घरमालक दुसऱ्याच दिवशी बाहेर काढू शकतो.