सॉफ्टबॉलमध्ये स्टील लिहिताना या चुका टाळा

मुंबईत सॉफ्टबॉलच्या स्कोअरशीटवर बसणारे बरेच जण क्रिकेटची वही लिहून तयार झालेले असतात. पहिल्या बेसवरची मुलगी दुसऱ्यावर पोचली की त्यांचा हात आपसूक ‘एसबी’ (स्टोलन बेस, म्हणजे चोरलेला बेस किंवा स्टील) लिहून मोकळा होतो. पण वाइड आणि बाय आपण क्रिकेटमध्येही वेगळे लिहितोच ना? रनर पुढे गेली हे सगळ्या मैदानाला दिसतं. ती कशाच्या जोरावर गेली हे स्कोअररने लिहायचं असतं. हिट, एरर (फील्डरची चूक), वॉक (चार बॉल पडल्यावर बॅटरला मिळणारा पहिला बेस), फील्डर्स चॉइस (फील्डिंग करणाऱ्यांनी तिला न अडवता दुसरीकडे लक्ष दिल्याने मिळालेला बेस), वाइल्ड पिच, पास्ड बॉल, इलीगल पिच (नियमबाह्य टाकलेला चेंडू) किंवा दुसरी कुणी बाद होणं, यांतल्या कशाचीही मदत न होता मिळवलेला बेस तेवढा स्टील.

सगळ्यात जास्त भांडणं वाइल्ड पिच आणि पास्ड बॉलवरून होतात. चेंडू पिचरच्या (चेंडू टाकणारीच्या) हातातून सुटेपर्यंत रनरचा पाय बेसवर हवा. आधी सुटला तर अंपायर तिला बाद देतो आणि तो पिच धरला जात नाही, म्हणजे स्टीलचा प्रश्नच मिटला. नियमाप्रमाणे निघाली असेल तर पाहायचं एवढंच: चेंडू सुटताच ती थेट दुसऱ्या बेसकडे पळाली, की दोन-तीन पावलं टाकून थबकली आणि चेंडू कॅचरच्या (बॅटरमागे चेंडू पकडणारीच्या) मागे गेलेला पाहून धावली? थेट पळाली असेल, तर नंतर चेंडू कॅचरला चकवून गेला तरी स्टील तिचाच. त्याच चेंडूवर ती तिसऱ्यापर्यंत गेली, तर दुसरा बेस स्टील आणि तिसरा वाइल्ड पिच किंवा पास्ड बॉलवर. थबकून धावली असेल तर स्टील अजिबात नाही. मग दोष कुणाचा ते ठरवा. होम प्लेटच्या (बॅटरपुढच्या पाटीच्या) आधी टप्पा पडलेला किंवा कॅचरच्या आवाक्याबाहेरचा चेंडू पिचरच्या नावावर, म्हणजे वाइल्ड पिच. सहज अडवता आला असता असा सुटला तर कॅचरच्या, म्हणजे पास्ड बॉल. दोन्ही एररच्या रकान्यात जात नाहीत; तिथे लिहिण्याची चूक तर सर्रास दिसते.

म्हणून पिच पडताना नजर रनरच्या पायावर ठेवा. बेसमधलं अंतर ६० फूट, चपळ मुलगी तीनेक सेकंदांत पलीकडे. तेवढ्यात मान खाली घालून मागचा पिच लिहीत बसलात, की मग बाजूच्याला विचारून शीट भरावी लागते.

आता पालकांना न पटणारी नोंद. कॅचरचा थ्रो वेळेत आणि नेमका आला, शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या फील्डरच्या) ग्लोव्हमधून निसटला, रनर सेफ. तुमच्या मते चेंडू पकडला असता तर ती बाद होती? मग स्टील नाही. रनरच्या नावावर कॉट स्टीलिंग (फसलेला स्टील), कॅचरला असिस्ट (बाद करायला मदत), शॉर्टस्टॉपला एरर, म्हणजे ई-६ (ई एररचा, ६ शॉर्टस्टॉपचा क्रमांक). ‘अहो, ती बेसवर उभी आहे की!’ असा आवाज कडेने येणारच. उभी राहू द्या. ती फील्डरच्या चुकीमुळे उभी आहे.

उलट प्रकारात लोक एररची घाई करतात. कॅचरचा थ्रो वाकडा गेला, रनर दुसऱ्यावर पोचून तिथेच थांबली, तर तो निव्वळ स्टील, ई-२ (कॅचरची एरर) नाही. चेंडू सेंटर फील्डकडे गेला आणि ती तिसऱ्यावर गेली किंवा दुसरी कुणी रनर पुढे सरकली, तरच त्या जादा बेससाठी एरर.

पहिल्या आणि तिसऱ्या बेसवर रनर असताना पहिल्यावरची पळते आणि कॅचर चेंडू हातातच ठेवते. पुष्कळ जण इथे ‘कुणी अडवलंच नाही’ म्हणून फील्डर्स चॉइस लिहितात. मला हे चुकीचं वाटतं. थ्रो केला तर तिसऱ्यावरची होम प्लेटवर पोचून रन काढेल, म्हणून कॅचरने तो मुद्दाम रोखून धरला. तो डाव आहे, बेफिकिरी नाही. स्टील द्या. सातव्या इनिंगमध्ये मोठी आघाडी आहे आणि रनरकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही, तेव्हा फील्डर्स चॉइस.

चौथ्या बॉलवर पहिल्यावरची पळत असली तरी दुसरा बेस तिला वॉकमुळेच मिळतो, स्टील नाही. मात्र वॉक मिळालेली बॅटर पहिल्यावर न थांबता दुसऱ्यावर पोचली आणि कुणाची एरर नसेल, तर तो स्टील. फाउलवर (रेषेबाहेर गेलेल्या फटक्यावर) रनर परत. डबल स्टीलमध्ये, म्हणजे दोघी एकदम पळाल्या असताना, एक बाद झाली, तर दुसरीलाही स्टील नाही.

सामन्यानंतर दोन्ही संघांच्या शीट जुळल्या नाहीत, तर स्टीलचे आकडे मोजत बसू नका. आधी वाइल्ड पिच आणि पास्ड बॉलच्या नोंदी इनिंगनुसार ताडून पाहा. फरक बहुधा तिथेच सापडतो.