अश्वत्थामा व्हायचं नसेल तर : लिव्हिंग विल कसं करायचं

सात चिरंजीवांपैकी आपल्याकडे कीव येते ती अश्वत्थाम्याची. जखम भरत नाही, मरण येत नाही, म्हणून तो तेल मागत फिरतो. अमर व्हायला आवडेल का, हा प्रश्न गप्पांत रंगतो. आयसीयूच्या दाराबाहेर मात्र तोच प्रश्न असा येतो : बरं होण्याची आशा नसताना पेशंटला यंत्रांवर किती दिवस ठेवायचं? त्याचं आपलं उत्तर शुद्धीत असतानाच लिहून ठेवता येतं. त्या कागदाला लिव्हिंग विल किंवा आगाऊ वैद्यकीय निर्देश म्हणतात. प्रॉपर्टीच्या मृत्युपत्राशी त्याचा काही संबंध नाही, आणि दोन्ही एकाच कागदावर लिहूही नयेत. मृत्युपत्र उघडलं जातं ते माणूस गेल्यावर. हा कागद लागतो तो माणूस असताना.

कायदा कुठून आला तेही थोडक्यात. केईएममधल्या परिचारिका अरुणा शानबाग १९७३च्या हल्ल्यानंतर २०१५पर्यंत अंथरुणाला खिळून होत्या. उपचार थांबवावेत अशी याचिका एका बाजूने केली होती, तर त्यांची सेवा करणाऱ्या परिचारिकांचा त्याला ठाम विरोध होता. खुद्द अरुणाताईंना काय हवं होतं, हे सांगणारा कागद कुणाकडेच नव्हता. २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती याचिका फेटाळली, पण उपचार थांबवण्याचा मार्ग तत्त्वतः मान्य केला. ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने लिव्हिंग विल वैध ठरवलं. तेव्हाची पद्धत इतकी किचकट होती की ती फारशी कुणी वापरलीच नाही. २४ जानेवारी २०२३ रोजी ती सुटसुटीत केली गेली. इंटरनेटवरचे कित्येक नमुने अजून २०१८चेच आहेत. नमुन्यात सहीसाठी न्यायदंडाधिकाऱ्यांची जागा दिसली, तर तो जुना समजा.

इथे इंजेक्शन देऊन मरण मागता येत नाही, तो आजही गुन्हा आहे. मागता येतं ते एवढंच : उपचार सुरू करू नका, किंवा सुरू असलेले काढून घ्या. तेही आजार असाध्य असेल, सुधारणेची आशा नसेल आणि पेशंट स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल तरच. तुम्ही शुद्धीवर आहात तोवर तुमचा शब्दच चालतो, कागद बाजूलाच राहतो.

मजकूर

अठरा वर्षं पूर्ण झालेली, मानसिकदृष्ट्या सक्षम असलेली कुणीही व्यक्ती हा कागद करू शकते. तो स्वतःच्या मर्जीने आणि परिणाम समजून केला आहे, असं त्यात स्पष्ट लिहावं लागतं. भाषा मराठी चालते. स्टॅम्प पेपरची किंवा दुय्यम निबंधकाकडे नोंदणीची अट न्यायालयाने घातलेली नाही.

बहुतेक कागद फसतात ते मोघमपणामुळे. ‘मला उगाच त्रास देऊ नका’ या वाक्यावर कुठलाही डॉक्टर काही करू शकत नाही. नुसतं ‘व्हेंटिलेटर नको’ लिहिणंही घातक. न्यूमोनियात किंवा सर्पदंशात व्हेंटिलेटर काही दिवसांपुरता लागतो आणि माणूस चालत घरी जातो. म्हणून आधी परिस्थिती लिहा, मग उपचारांची नावं घ्या. एक नमुना :

‘मला बरा न होणारा, मृत्यूकडे नेणारा आजार झाला असेल किंवा मी कायमच्या बेशुद्धावस्थेत असेन, मला स्वतः निर्णय घेता येत नसेल आणि डॉक्टरांच्या मते सुधारणेची आशा नसेल, तर हृदय बंद पडल्यास छाती दाबून किंवा शॉक देऊन ते सुरू करू नये. श्वासनलिकेत नळी, व्हेंटिलेटर, गळ्याला छिद्र, डायलिसिस आणि रक्तदाब टिकवणारी औषधं सुरू करू नयेत; सुरू असल्यास काढून घ्यावीत. वेदना, धाप आणि अस्वस्थता कमी करणारे उपचार शेवटपर्यंत द्यावेत. त्यांनी गुंगी आली तरी चालेल.’

गळ्याच्या छिद्राचा उल्लेख मुद्दाम आहे. तोंडातली नळी साधारण दहा-पंधरा दिवसांवर गेली की डॉक्टर ट्रॅकिऑस्टॉमी सुचवतात, आणि घरचे ‘छोटंसं ऑपरेशन’ समजून सही करतात. तिथून पुढे महिनेच्या महिने जाऊ शकतात. निदानच अनिश्चित असेल त्या वेळेसाठी एक वाक्य जोडा : ‘ठरावीक दिवस प्रयत्न करून पाहावा, उदाहरणार्थ सात; तोवर सुधारणा नसेल तर वरीलप्रमाणे करावं.’

आता नाकातली नळी. आपल्या घरांत सगळ्यात जास्त भांडणं तिच्यावरून होतात, कारण ती काढणं म्हणजे ‘आईला उपाशी मारलं’ असं चारचौघांत बोललं जातं. शरीर शेवटाकडे चाललं की भूक आपोआप मंदावते आणि अन्न पचेनासं होतं. अशा वेळी नळीतून भरलेलं फुफ्फुसात उतरू शकतं, सलाइनचं पाणी अंगात साठून सूज येते, धाप वाढते. स्मृतिभ्रंशाच्या शेवटच्या टप्प्यात तर नळीमुळे आयुष्य वाढत नाही, असंच वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. त्रास होतो तो कोरड्या तोंडाचा; त्यावर ओल्या गॉजने तोंड पुसणं, चमच्याने थेंबभर पाणी, ओठांना तूप. नळी हवी की नको ते तुम्ही ठरवा, पण स्वतंत्र वाक्यात लिहा. नाहीतर ते ओझं मुलांच्या डोक्यावर राहतं.

अवयवदान करायचं असेल तर तेही नमूद करा. मेंदूमृत्यू जाहीर करण्यासाठी किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासण्या होतात, आणि अवयव काढेपर्यंत व्हेंटिलेटर चालूच ठेवावा लागतो. ‘अवयवदानापुरता व्हेंटिलेटर चालेल’ एवढं लिहिलं की पेच सुटतो.

माणसं नेमताना

तुमच्या वतीने बोलणाऱ्या पालकाचं (गार्डियन) किंवा जवळच्या नातेवाइकाचं नाव द्यावं लागतं. एकापेक्षा जास्त नावं देता येतात. दोन द्या, आणि पहिलं कुणाचं ते लिहा. इथे मान-पान बघू नका. थोरला मुलगा म्हणून त्याचं नाव, हा हिशेब चुकीचा. जो रात्री दोन वाजता हॉस्पिटलला पोचू शकतो आणि रडू आवरून डॉक्टरांशी बोलू शकतो, तो माणूस हवा. मग ती सून असो की भाची. परदेशातली मुलं हा नेहमीचा अडसर. इथे आठवडाभर उशाशी बसलेल्यांचं ठरत आलेलं असतं, आणि विमानतळावरून थेट आलेला भाऊ म्हणतो, ‘पैशाची काळजी करू नका, सगळं करा.’ त्याला कागदाची प्रत आजच पाठवा आणि व्हिडिओ कॉलवर तुमच्याच तोंडून ऐकवा.

सही आणि प्रती

सही दोन साक्षीदारांसमोर करायची. साक्षीदार शक्यतो तटस्थ असावेत. वारस किंवा नेमलेले पालक टाळलेले बरे. मग नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी साक्षांकन करतात, आणि कागद कुणाच्या दबावाविना केला आहे अशी खात्री झाल्याचं नोंदवतात. सगळ्यांनी एकाच वेळी नोटरीसमोर हजर राहणं सोपं पडतं. आधी सह्या करून नंतर शिक्का आणणं म्हणजे पुढच्या वादाला निमंत्रण.

प्रती जातात नेमलेल्या पालकांकडे, फॅमिली डॉक्टरांकडे आणि महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीने नेमलेल्या कस्टोडियनकडे, म्हणजे हे कागद जपून ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडे. मुंबईचे डॉ. निखिल दातार यांनी उच्च न्यायालयात जनहित याचिका केल्यानंतर महाराष्ट्रात या नेमणुका झाल्या. गोव्यात ३१ मे २०२४ रोजी न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी स्वतःचा निर्देश नोंदवून सुरुवात केली. तुमच्या भागातला कस्टोडियन कोण, हे आरोग्य विभागात विचारा. खिडकीवरच्या कारकुनाला ठाऊक नसण्याची तयारी ठेवा. प्रत आवक-जावक विभागात देऊन पोच घ्या. मूळ कागद बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू नका. लॉकर उघडतो दिवसकार्य आटोपल्यावर. घरात मेडिक्लेमच्या फायलीत मूळ प्रत, फोनमध्ये स्कॅन.

प्रत्यक्ष वेळ येते तेव्हा

घरच्यांनी कागद दाखवला की लगेच नळ्या निघत नाहीत. आधी डॉक्टर कागद खरा असल्याची खात्री करतात. मग हॉस्पिटल प्राथमिक मंडळ नेमतं : उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ. ते शक्यतो ४८ तासांत मत देतात. त्यानंतर दुय्यम मंडळ बसतं. त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेला एक डॉक्टर आणि वेगळे दोन तज्ज्ञ. त्यांनाही शक्यतो तेवढीच मुदत. दोन्ही मंडळांचा होकार आणि नेमलेल्या नातेवाइकांची संमती मिळाली की हॉस्पिटल न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवतं. परवानगीसाठी थांबायचं नसतं. मंडळाने नकार दिला तर उच्च न्यायालयाचं दार आहे.

कागदच नसेल तरी हीच दोन मंडळं घरच्यांच्या संमतीने निर्णय घेऊ शकतात. पण तालुक्याच्या नर्सिंग होममध्ये मंडळांसाठी एवढे तज्ज्ञ आणायचे कुठून? तिथे सर्रास घडतं ते ‘डॉक्टरी सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज’. पेशंटला अँब्युलन्समधून घरी आणतात, नळी काढतात, आणि मॉर्फिनची एक गोळीही हाताशी नसताना धाप बघत बसतात. याहून वाईट शेवट नाही. म्हणून कागद करतानाच जवळचं मोठं हॉस्पिटल आणि पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या उपचारांची, सोय शोधून त्यांची नावं मागच्या पानावर लिहा.

मत बदललं तर निर्देश कधीही लेखी रद्द करता येतो. दोन कागद सापडले तर शेवटी सही केलेला चालतो, म्हणून तारीख ठळक घाला. नवा कागद केलात की त्याची प्रत कस्टोडियनकडे द्या, आणि जुन्या सगळ्या प्रती मागवून फाडून टाका. फॅमिली डॉक्टरांकडची हमखास विसरते.